पोस्टर लावून झाले, पुढे?

१० ऑक्टोबर जवळ आला की महाविद्यालयांच्या मानसशास्त्र विभागांत लगबग सुरू होते. जागतिक मानसिक आरोग्य दिन १९९२पासून पाळला जातो आणि आपल्याकडे तो आता चांगलाच रुळला आहे. पोस्टर स्पर्धा, रांगोळी, पथनाट्य, एखाद्या मनोविकारतज्ज्ञांचे व्याख्यान, शाल-श्रीफळ, आभारप्रदर्शन, ग्रुप फोटो. पुढे वर्षभरात कधीतरी मनोरुग्णालयाला भेट, तीही अख्खा वर्ग एका बसमधून नेऊन, आणि शेवटच्या वर्षी ‘मानसशास्त्रातील करिअरच्या संधी’ असे एक सत्र. अहवालात हे सारे शोभून दिसते आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीसमोर ठेवायच्या फायलीही जाड होतात. पण या सगळ्यातून गेलेल्या वीस वर्षांच्या मुलीला ‘मी पुढे काय करू?’ या प्रश्नाचे उत्तर शोधायला त्याची मदत किती होते? माझ्या मते फारशी होत नाही. मानसशास्त्रज्ञ सकाळपासून संध्याकाळपर्यंत जे करतो, त्यातले काहीच यात तिच्या हाताला लागत नाही. पदवीच्या काळातला उपक्रम हा पुढच्या कामाचा छोटा पण खरा नमुना असला पाहिजे. तसा नसेल तर तो हौसेने जरूर करावा, पण त्याची गणना स्नेहसंमेलनात करावी.

या म्हणण्याला आधार मानसशास्त्रातच सापडतो. आपल्याला पुढे काय आवडेल, कशात समाधान वाटेल याचा अंदाज बांधण्यात माणूस कच्चा असतो, हे डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांनी अनेक प्रयोगांतून दाखवले आहे. २००९मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘सायन्स’मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुणींना एका तरुणाशी पाच मिनिटे गप्पा मारायच्या होत्या आणि त्या गप्पांची मजा किती येईल हे आधी सांगायचे होते. काहींना त्याचा फोटो आणि माहिती दिली, तर काहींना फक्त एवढेच सांगितले, की तुमच्याआधी त्याला भेटलेल्या एका अनोळखी मुलीला किती मजा आली. दुसऱ्या गटाच्या अंदाजातली चूक जवळजवळ निम्म्याने कमी भरली. तरीही बहुतेकींना फोटो आणि माहितीच अधिक भरवशाची वाटत राहिली. करिअरच्या सत्रात आपण मुलांपुढे नेमके तेच ठेवतो: पदांची यादी, पात्रता, पगाराचे आकडे. त्या पदावर सध्या काम करणाऱ्या माणसाचा मंगळवार कसा जातो, हे विचारायचे राहून जाते. नोकरभरतीच्या संशोधनाचाही रोख हाच आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा उमेदवाराकडून प्रत्यक्ष कामाचा तुकडा करून घेणे ही निवडीच्या सर्वांत भरवशाच्या पद्धतींपैकी एक ठरली. २०२२च्या फेरआढाव्यात असे बहुतेक आकडे खाली आले, पण ही पद्धत वरच्या फळीत टिकून राहिली. मालकाला उमेदवाराविषयी जे कळते, ते उमेदवाराला कामाविषयीही कळू शकते. दोघांसमोर तोच तुकडा असतो.

आता हे काम म्हणजे कोणते, हे पाहू. बी.ए.ला मानसशास्त्र घेणाऱ्या बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असते: शांत खोली, दोन खुर्च्या, टेबलावर टिश्यूचा डबा. चित्र खोटे नाही, पण फार अपुरे आहे. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत संगणकावर अभियोग्यता चाचणी होते आणि तिच्यातल्या प्रत्येक भागात किमान ४२ टी-गुण मिळवावेच लागतात, राखीव प्रवर्गालाही त्यातून सवलत नाही. रेल्वेच्या लखनौतल्या आरडीएसओ या संशोधन संस्थेत मानसतांत्रिक विभाग आहे, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या गाडीच्या पुढच्या डब्यात कोण बसणार हे ठरवण्यात मानसशास्त्रज्ञांचा हात असतो. टी-गुणांची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १० धरतात, हे बी.ए.च्या संख्याशास्त्रात शिकवले जाते आणि परीक्षा झाली की विसरले जाते. ते कुठे वापरतात हे सांगितले असते तर कदाचित लक्षात राहिले असते. सैन्यदलाच्या निवड मंडळात उमेदवारासमोर एकापाठोपाठ एक ६० शब्द येतात, प्रत्येकासाठी १५ सेकंद असतात. त्यातून लिहिलेली वाक्ये तपासणारे मानसशास्त्रज्ञ असतात. कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग, बाजार संशोधन, मोबाइल ॲप वापरताना लोक कुठे अडखळतात याचा अभ्यास, शाळेतल्या अध्ययन अक्षमतेची तपासणी, न्यायवैद्यक प्रयोगशाळा ही सगळी त्याच विषयाची घरे आहेत. आणि या सगळ्यांत समान धागा म्हणाल तर चांगले बोलता येण्यापेक्षा नीट मोजता येणे, नीट पाहता येणे आणि जे दिसले तेवढेच लिहिता येणे.

हे शिकण्याची जागा महाविद्यालयात आधीच आहे. तिचे नाव प्रॅक्टिकल. ती आपण वाया घालवतो. म्युलर-लायर भ्रम, आरशात पाहून चित्र गिरवणे, १९३५चा स्ट्रूपचा रंग-शब्दांचा प्रयोग, स्मृतीच्या निरर्थक शब्दयाद्या या सगळ्यांत बाकावरचा शेजारी ‘प्रयुक्त’ होतो, निकाल काय यायला हवा हे त्याला आधीच ठाऊक असते, आणि आकडे जुळले नाहीत तर मागच्या वर्षीचे जर्नल उपयोगी पडते. मुले यात विषय शिकत नाहीत, आकडे जुळवायला शिकतात. प्रसिद्ध झालेले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर त्यांतल्या ३६ टक्क्यांतच पूर्वीसारखा लक्षणीय निष्कर्ष हाती लागला, हे २०१५मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने जाहीर केले तेव्हा या विषयात भूकंप झाला होता. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत तो लागला होता. ही बातमी वर्गात नीट समजावून सांगितली तर ‘आकडे जुळले नाहीत’ ही जर्नलमधली लाज न राहता चर्चेचा विषय होईल. एकाच महाविद्यालयातल्या चार तुकड्यांनी एकच छोटा प्रयोग चार निरनिराळ्या वस्त्यांतल्या अनोळखी माणसांवर करावा, निकाल आधी न ठरवता मांडावा आणि तफावत का पडली यावर वाद घालावा. पदवीच्या मुलांना हे झेपते. खर्च जवळजवळ शून्य असतो. आणि ज्याला या वादात रस वाटेल त्याला संशोधनाकडे वळावे का याचे उत्तर एका सत्रात मिळते.

महाराष्ट्रातच याचा एक देखणा नमुना आहे आणि तो मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असायला हवा होता. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० कुंडल्या जमवल्या, त्यांतल्या १०० हुशार शाळकरी मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के भरली, म्हणजे नाणे उडवले असते तरी फारसे बिघडले नसते. या अभ्यासाचे मोल निष्कर्षापेक्षा रचनेत आहे. दावा आधी स्पष्ट करून घेणे, नमुना कोणाच्या मर्जीने निवडला जाणार नाही अशी व्यवस्था लावणे, योगायोगाने किती उत्तरे बरोबर येतील हे आधीच मोजून ठेवणे, हे सगळे द्वितीय वर्षाच्या मुलीला कळेल इतके साधे आहे. याच्या जोडीला बर्ट्रम फोररचा १९४८चा प्रयोग वर्गात जरूर करावा. त्याने ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे अगदी एकसारखे वर्णन दिले आणि ‘हे तुम्हाला किती लागू पडते?’ असे विचारले. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण पडले. त्यातली वाक्ये त्याने रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. मराठी वर्तमानपत्रांतल्या साप्ताहिक राशिभविष्यातली दहा वाक्ये निवडून हा प्रयोग होतो. तो केलेली मुले समाजमाध्यमांवरच्या ‘तुमचा स्वभाव ओळखा’ छापाच्या चाचण्यांकडे आणि कंपन्यांना विकल्या जाणाऱ्या महागड्या व्यक्तिमत्त्व-चाचण्यांकडे जरा सावधपणे पाहतात. मनुष्यबळ विभागात अशा सावध माणसाची गरज फार असते.

चाचण्यांचा विषय निघालाच आहे तर धारवाडच्या वि. वि. कामतांना विसरून चालणार नाही. फ्रान्समध्ये जन्मलेली आणि अमेरिकेत वाढलेली बिने बुद्धिमापन चाचणी त्यांनी १९३०च्या दशकात कानडी आणि मराठी मुलांसाठी प्रमाणित केली. ‘बिने-कामत’ या नावाने ती आजही वापरात आहे. परदेशी प्रश्न इथल्या मुलाला विचारण्याजोगा कसा करायचा, कोणता वगळायचा, कोणत्या वयाचे मूल तो सोडवू शकते हे शेकडो मुलांना विचारून कसे ठरवायचे, हे सगळे त्या चिवट कामात आले. असे काम करायचे आज किती शिल्लक आहे ते पाहा. जगातल्या नामवंत मानसशास्त्रीय नियतकालिकांतले ९६ टक्के प्रयुक्त अशा पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले असतात, जिथे जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते, याकडे जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये लक्ष वेधले. नैराश्य मोजणाऱ्या साध्या प्रश्नावलीचा मराठी अनुवाद शेतमजूर बाईला जसाच्या तसा कळतो का, ती ‘उदास’ म्हणते की ‘जिवाला बरं वाटत नाही’ म्हणते, की डोके जड झाल्याचे सांगते, हे तपासायला पदव्युत्तर पदवी लागत नाही. लागतात ते कान आणि नोंदी ठेवण्याची शिस्त. अशी वीस संभाषणे लिहून काढलेल्या मुलीला मुलाखत घेणे आपल्याला जमते की नाही, हे कोणत्याही अभिरुची-चाचणीपेक्षा जास्त खरे कळते.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. देशात मानसिक आरोग्य सेवांची इतकी टंचाई असताना या मुलांना मोजमापात आणि नोंदींत कशाला अडकवायचे? त्यांना सरळ समुपदेशनाला का लावू नये? टंचाई खरी आहे. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. (ज्या १२ राज्यांत हे सर्वेक्षण झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, हे जाता जाता.) आणि व्यावसायिक शिक्षण नसलेली माणसे समुपदेशन करू शकतात याचा जगातल्या उत्तम पुराव्यांपैकी एक शेजारच्या गोव्यातलाच आहे. ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना सुधारित नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांना त्याच सेवेबरोबर स्थानिक अव्यावसायिक समुपदेशकांची सहा ते आठ सत्रे मिळाली. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या त्या पातळीतून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. हा अभ्यास २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मग बी.ए. झालेली मुलगी हे का करू शकणार नाही?

करू शकेल, पण त्या यशाचे कारण नीट पाहिले पाहिजे. त्या समुपदेशकांना मोकळे सोडलेले नव्हते. एक ठरलेली पद्धत होती, सत्रांची संख्या ठरलेली होती, सत्रे ध्वनिमुद्रित होत, आणि गटात बसून ती ऐकून एकमेकांच्या कामाला गुण दिले जात. तज्ज्ञ मागे उभे होते. आत्महत्येचा धोका दिसला तर काय करायचे हे ठरलेले होते. बी.ए.च्या पदवीत यातले काहीही येत नाही. या अभ्यासाने खरे तर दोन्ही बाजूंचा गैरसमज काढला: मदत करायला पदवी अनिवार्य नाही आणि नुसती पदवी पुरेशीही नाही. देखरेखीशिवाय ‘पीअर काउन्सेलिंग सेल’ उघडून दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मित्रांच्या आत्महत्येच्या विचारांसमोर बसवणारी महाविद्यालये गोव्याचा दाखला देऊ शकत नाहीत. उलट त्या प्रयोगातला पदवीच्या मुलांनी उचलावा असा भाग वेगळाच आहे: सत्र ऐकणे आणि त्याला ठरलेल्या निकषांवर गुण देणे. दोन विद्यार्थ्यांनी भूमिका घेऊन केलेले दहा मिनिटांचे संभाषण मुद्रित करावे, उरलेल्यांनी समोरच्याला किती बोलू दिले, सल्ला किती घाईने दिला, प्रश्न उघडे होते की होकार-नकारात संपणारे, हे स्वतंत्रपणे नोंदवावे आणि मग गुण जुळतात का ते पाहावे. यात कोणाच्या जिवाशी खेळ नाही. समुपदेशनाचा खरा कस मात्र लागतो.

कायद्यानेही या घाईला लगाम घातला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वसन परिषदेच्या मान्यतेची पात्रता लागते. ती मिळवण्याचा नेहमीचा मार्ग एम.ए.नंतर दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२०ने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढल्याने आता तिच्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत. हा मार्ग लांब आहे, जागा थोड्या आहेत, आणि त्यावर पाऊल टाकण्याआधी आपल्याला हे काम सोसेल का याची चाचपणी करणे शहाणपणाचे आहे. त्यासाठी रुग्णाला सल्ला देण्याची गरज नाही. पुण्यात १९८६मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र, ठाण्यात १९९०पासून चाललेली डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी काम करणारी पुण्याची सा संस्था यांसारख्या ठिकाणी अभ्यागत म्हणून जाऊन तिथले लोक काय करतात हे पाहिले, स्वयंसेवक म्हणून सांगतील ते काम केले, तरी खूप कळते. व्यसनातून बाहेर पडलेला माणूस पुन्हा घसरतो, पुन्हा येतो, पुन्हा घसरतो. त्याच्यासोबत तोच रस्ता वारंवार चालायला किती धीर लागतो, हे व्याख्यानातून उमगत नाही.

दुसरा आक्षेप पोस्टरांच्या बाजूने आहे. जनजागृती हेही काम आहे, त्याने कलंक कमी होतो, मुलांना समाजाची जाणीव होते, असे प्राध्यापक म्हणतात. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रौढांमध्ये कलंक कमी करायला माहिती देण्यापेक्षा मनोविकारातून गेलेल्या माणसाची प्रत्यक्ष भेट जास्त उपयोगी ठरली, तर किशोरवयीन मुलांत मात्र माहितीच पुढे राहिली. तेव्हा पोस्टर काढायचीच असतील तर ती शेजारच्या शाळेत लावावीत आणि स्वतःच्या महाविद्यालयात स्वतःची कहाणी सांगायला राजी असलेल्या माणसाला बोलवावे. शिवाय पोस्टर लावण्याआधी आणि नंतर दहा प्रश्नांची छोटी पाहणी करावी. फरक पडला की नाही हे न पाहता वर्षानुवर्षे तेच करत राहणे, हे मानसशास्त्राच्या विभागाला तरी शोभत नाही.

तिसरी अडचण पैशांची आहे आणि तिला सोपे उत्तर नाही. घरून पाठवलेले पैसे मोजून वापरणाऱ्या मुलाला विनावेतन उमेदवारी परवडत नाही. त्यात आता उलटा व्यवहार सुरू झाला आहे: विद्यार्थ्यानेच हजार-दोन हजार भरून चार आठवड्यांची ऑनलाइन ‘इंटर्नशिप’ करायची, काही व्हिडिओ पाहायचे आणि प्रमाणपत्र घ्यायचे. या प्रमाणपत्रांवर कोणाची देखरेख नसते आणि त्यातून कामाचा वासही लागत नाही, पण बायोडेटा भरलेला दिसतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात राज्यात क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण, मुलांच्या भाषेत ‘ओजेटी’, यांना श्रेयांक आहेत. म्हणजे जो वेळ अभ्यासक्रमातच मोजला जाणार आहे तो या दुकानदारीच्या हाती द्यायचा की वर सांगितलेल्या कामांना, हे विभागाने ठरवायचे आहे. श्रेयांकाच्या आत बसणारे काम गावात, घरून जाऊन-येऊन करता आले, तर पैशांचा प्रश्न पुष्कळसा हलका होतो. मिटत नाही, हेही मान्य.

आणि गावातच काय आहे, असे तालुक्याच्या महाविद्यालयातून विचारले जाते. मुंबई-पुण्याच्या मुलांना संस्था आहेत, आमच्याकडे कोण? हा प्रश्न मला उलटा वाटतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने नैराश्यावर काम केले आणि दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांसाठी पुढे येणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ने ते छापले. जगातल्या संशोधकांना जिथे पोचायला अनुदान, परवानगी आणि दुभाषा लागतो, त्या घरांत तालुक्यातली मुलगी चहा प्यायला जाते. आशा कार्यकर्ती तिची मावशी किंवा शेजारीण असते. त्या आशाताईंबरोबर, त्यांच्या आणि घरच्यांच्या संमतीने, आठ दिवस फिरून लोक आपले दुःख कोणत्या शब्दांत सांगतात, आधी देवऋषीकडे जातात की दवाखान्यात, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून चालू आहे हे किती जणांना ठाऊक आहे, एवढ्या तीन गोष्टी नोंदवल्या तरी तो चांगला क्षेत्र प्रकल्प होतो. नावे लिहायची नाहीत, निदान करायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, कोणी जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलले तर त्याच दिवशी प्राध्यापकांना आणि आरोग्य केंद्राला कळवायचे, एवढी बंधने आधी कागदावर लिहून त्यावर सही घ्यावी. आठ दिवसांनी काही मुले म्हणतील की हे आपल्याला जमणार नाही, आपण बँकेच्या परीक्षेला बसतो. त्यांचेही श्रेयांक पूर्ण द्यावेत.